झळाळीखालचा गंज

पावसाळा ओसरून आश्विनाचे ऊन पडू लागले, की शहरांतील सोसायट्यांच्या आवारांत आणि गावांतील अंगणांत एक दृश्य हमखास दिसते. खंडेनवमी व दसरा तोंडावर आलेले असतात. चार महिने चिखलपाणी सोसलेली मोटार धुण्यासाठी बाहेर काढली जाते. बादली, फडकी, शाम्पू यांची जमवाजमव होते. गाडीचा रंग उजळला, की मालकाची नजर बंपरवर, दिव्यांभोवतीच्या कड्यांवर, दारांच्या मुठींवर जाते. तेथे चांदीसारख्या चकचकीत पृष्ठभागावर मोहरीच्या दाण्याएवढे तांबूस ठिपके उमटलेले असतात. मग घरातील प्रत्येक जण आपापला उपाय सुचवतो. आजी चिंच-मीठ सांगतात, शेजारी कोला सांगतात आणि एखादा उत्साही चिरंजीव स्वयंपाकघरातून तारेची घासणी घेऊन येतो. यांतील काही उपाय बरे आहेत, काही निरुपयोगी आहेत. एक-दोन मात्र असे आहेत की, त्यांनी पाच मिनिटांत केलेली हानी पुढे कशानेही भरून निघत नाही.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. बहुसंख्य कुटुंबांच्या दृष्टीने मोटार ही घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी असते आणि तिचे हप्ते पाच-सात वर्षे चालतात. हिशेबशास्त्रात घसारा कागदावर दाखवला जातो. येथे तो बोटाला लागतो. जुनी गाडी पाहण्यास आलेला ग्राहक बंपरवरील गंज पाहून गाडीच्या तळाविषयी अंदाज बांधतो आणि तेवढ्याने किंमत खाली येते. वाहन विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत घसारा व झीज यांची भरपाई वगळलेली असते. हळूहळू चढलेला गंज याच सदरात जातो. तेव्हा या बाबतीत मालकालाच स्वतःचा विमा उतरवावा लागतो आणि त्याचा हप्ता म्हणजे वर्षातून दोनदा दिलेले दोन-तीन तास.

क्रोमला गंज कसा लागतो?

वास्तविक क्रोमियम गंजत नाही. १७९७ साली लुई-निकोला व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधलेला हा धातू हवेत येताच स्वतःवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म, पारदर्शक पापुद्रा चढवून घेतो आणि त्यामुळे त्याची चमक टिकते. आपल्या देशात क्रोमाइट या त्याच्या खनिजाचे बहुतेक सर्व साठे ओडिशात, त्यातही मुख्यतः जाजपूर जिल्ह्यातील सुकिंदा खोऱ्यात आहेत. बंपरवर जो लाल ठिपका दिसतो, तो या धातूचा नसून त्याच्या खाली असलेल्या पोलादाचा असतो.

शोभेच्या क्रोम मुलाम्याची रचना समजून घेतली, की पुढचे सारे उलगडते. पोलादी पट्टीवर आधी निकेलचा थर चढवतात, काही वेळा त्याही खाली तांब्याचा थर देतात आणि सर्वांत वर क्रोमियमचा. हा वरचा थर साधारणतः एका मिलिमीटरच्या दोन ते चार हजाराव्या भागाएवढाच असतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा शंभरावा भाग घेतला, तरी तो यापेक्षा जाड भरेल. निकेलचा थर त्याहून कित्येक पट जाड असतो आणि खरे संरक्षण तोच करतो. या थरांत कोठेही सूक्ष्म छिद्र असले, रस्त्यावरचा खडा उडून टवका गेला किंवा धक्क्याने बारीक तडा पडला, की पाणी आणि हवा पोलादापर्यंत पोचतात.

यानंतर जे घडते, ते पुष्कळांच्या समजुतीच्या उलट आहे. घराच्या छपरावरील जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा पडला, तरी तेथले लोखंड लगेच गंजत नाही; कारण जस्त स्वतः झिजते व लोखंडाला वाचवते. निकेल व क्रोमियम यांचा स्वभाव याच्या अगदी विरुद्ध आहे. ते लोखंडाला चिकटून असताना त्यांवर खारट पाण्याचा थेंब पडला, की तेथे एक सूक्ष्म विद्युत्घट तयार होतो आणि या घटाच्या व्यवहारात तोटा सर्वस्वी लोखंडाच्या खात्यावर पडतो. म्हणजे मुलामा अखंड आहे तोवर तो लोखंडाचा रक्षक असतो. एकदा भोक पडले, की त्याच जागी गंजण्याचा वेग तो वाढवतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो आतून मुलाम्याला उचलतो, फोड येतो, फोड फुटतो आणि पापुद्रा सुटू लागतो.

समुद्राकाठी हे सारे जलद का घडते, याचेही उत्तर येथेच मिळते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली, की साधे मीठ हवेतूनच पाणी शोषून ओले होते. मुंबई, रत्नागिरी, पणजी, कोची किंवा विशाखापट्टणम येथे पावसाळ्यात ही पातळी सहज ओलांडली जाते. म्हणजे पाऊस थांबला, गाडी छपराखाली आहे, तरी बंपरवर बसलेला खारा थर ओलाच राहतो. बदलीच्या नोकरीत गाडीही मालकाबरोबर बदलीवर जाते. सोलापूर वा नागपूरच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षे निष्कलंक राहिलेला बंपर मालवणला एक-दोन पावसाळे काढताच ठिपक्यांनी भरतो आणि दोष तिथल्या पाण्याला दिला जातो. छिद्रे आधीपासूनच असतात. त्यांना वाचा फोडणारे मीठ तेवढे नव्याने भेटलेले असते.

डाग की गंज?

हात लावण्यापूर्वी समोर दिसते आहे ते नेमके काय, हे ठरवणे आवश्यक आहे. लाल दिसणारी प्रत्येक गोष्ट गंज नसते. कोकणात व गोव्यात जांभ्याच्या लाल धुळीचा थर धातूवर घट्ट बसतो. तो साबणाच्या पाण्याने निघतो. रेल्वेमार्गालगत नेहमी उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर रुळ, चाके व ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे अतिसूक्ष्म कण येऊन चिकटतात व तेथेच गंजतात. हा गंज परका असतो, गाडीचा नसतो. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात तशीच सोडली, की कॅल्शियमचे पांढुरके गोल डाग राहतात.

आपल्याकडील एक खास डाग मात्र लिंबू-मिरचीचा आहे. दृष्ट लागू नये म्हणून बंपरला बांधलेल्या लिंबातून लोखंडी तार ओवलेली असते. लिंबाच्या आम्लाने तार गंजते आणि पावसात तो तांबडा रस खालच्या क्रोमवर ओघळतो. नव्या गाडीच्या बंपरवर महिनाभरात गंज आला, अशी तक्रार घेऊन विक्रेत्याकडे जाण्याआधी हा ओघळ कोठून सुरू होतो, हे पाहणे शहाणपणाचे. श्रद्धेला बाधा न आणता तारेऐवजी सुती दोरा वापरला, तरी हा प्रश्न सुटतो.

पारख सोपी आहे. जागा धुऊन, पुसून कोरडी करावी आणि नखाचे टोक हलकेच फिरवावे. डाग असेल तर नख सरळ घसरते. गंज असेल तर ते खरखरते वा अडते. घरात भिंग असल्यास ठिपक्याच्या मध्यभागी काळसर खड्डा आहे का, तेही पाहावे.

दुसरी पारख धातूची. सगळी चकचकीत पट्टी क्रोमची नसते. जुन्या गाड्यांचे बंपर मुलामा दिलेल्या पोलादाचे; काचांभोवतीच्या पट्ट्या पुष्कळदा स्टेनलेस स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या; आणि आजच्या बहुतेक गाड्यांची समोरची जाळी, कंपनीचे चिन्ह व दारांच्या मुठी यांचा चकचकाट प्लास्टिकवरच्या मुलाम्याचा असतो. लोहचुंबक चिकटला नाही तर खाली पोलाद नाही, एवढे नक्की. मात्र चिकटला म्हणजे पोलादावरचा क्रोमच, असे म्हणता येत नाही. गाड्यांच्या पट्ट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ४३० प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटतो. स्वयंपाकघरात परिचित असलेल्या ३०४ प्रतीला तो सहसा चिकटत नाही. प्लास्टिक तर नखाने टिचकी मारताच आवाजावरून ओळखू येते.

प्रत्यक्ष काम

काम सावलीत, धातू थंड असताना करावे. प्रथम भरपूर पाण्याने धूळ व वाळू वाहून जाऊ द्यावी. धुळीसकट कोरडे फडके फिरवणे म्हणजे पॉलिश-कागद फिरवण्यासारखेच आहे. नंतर गाडीच्या शाम्पूने धुवावे. शेजारच्या रंगीत पत्र्याच्या कडेला चिकटपट्टी लावून ठेवली, तर घासताना रंग खराब होत नाही.

पोलादावरील क्रोमच्या वरवरच्या गंजासाठी सर्वांत भरवशाचे साधन प्रत्येक घरात आहे. पोळ्या गुंडाळण्याची ॲल्युमिनियमची फॉइल तळहाताएवढी फाडावी, पाण्यात बुडवावी, सैलसर चुरगाळावी आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने अलगद घासावी. ॲल्युमिनियम हे क्रोमियमपेक्षा पुष्कळच मऊ असल्याने क्रोमवर ओरखडे उठत नाहीत; मात्र वर आलेला ठिसूळ गंज त्याने खरवडला जातो. जोर लावण्याचे मुळीच कारण नाही. थोड्याच वेळात तपकिरी-काळसर लगदा तयार होतो. तो ओल्या फडक्याने टिपून घ्यावा, फॉइल बदलावी व पुन्हा पाहावे. जेथे पाणी पुरत नाही, तेथे पाण्याऐवजी घरातील साधे व्हिनेगर घ्यावे. हट्टी ठिपक्यांवर व्हिनेगरात भिजवलेला कापडाचा तुकडा पंधरा-वीस मिनिटे ठेवला, तर गंज मऊ होतो. काम झाल्यावर पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून त्याने जागा पुसावी आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावी. हा सोड्याचा हात पुष्कळ जण टाळतात आणि छिद्रात उरलेले आम्ल आपले काम पुढे चालू ठेवते.

कोलाचा उपाय खोटा नाही. त्यात फॉस्फोरिक आम्ल असते आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक गंजनाशक द्रवांतही मुख्य घटक तोच असतो. हे आम्ल गंजाचे रूपांतर लोखंडाच्या फॉस्फेटमध्ये करते व हा थर पुढील गंजास काही काळ अटकाव करतो. दिल्लीत मेहरौली येथील सुमारे सोळाशे वर्षांचा लोहस्तंभ टिकला, याचे श्रेयही आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी आपल्या अभ्यासातून त्यावर तयार झालेल्या फॉस्फेटच्या पातळ थरालाच दिले आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरेच जास्त आहे. तरीही कोलापेक्षा व्हिनेगर बरे. कारण कोलात आम्ल थोडे आणि साखर फार. साखरेचा चिकटा नीट धुतला गेला नाही, तर त्यावर धूळ आणि मुंग्या दोन्ही जमतात. दुकानातील तीव्र द्रव वापरायचा झाल्यास हातमोजे व डोळ्यांना चष्मा हवाच, आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये.

गंज निघाला की त्या जागी बारीक काळे टिंब उरते. ते घासून जात नाही, कारण तो डाग नसून भोक आहे. येथेच हात थांबला पाहिजे. टिंब घालवण्याच्या ईर्ष्येने घासत राहिल्यास छिद्राच्या कडा तुटतात आणि मोहरीएवढ्या ठिपक्याचा पुढच्या वर्षी वाटाणा होतो. दोन हातांच्या अंतरावरून ते टिंब दिसतही नाही.

आता वर्ज्य गोष्टी. न्हाणीघर व संडास साफ करण्याच्या बहुतेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते गंज चुटकीसरशी काढते, हे खरे. पण त्यातील क्लोराइड छिद्रात शिरून बसते आणि त्याच्या वाफांनी आसपासचे उघडे लोखंडही दोन दिवसांत लाल होते. त्यात ब्लीच मिसळले गेले, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. आजींच्या चिंच-मिठातील चिंच निरुपद्रवी आहे. आक्षेप मिठाला आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना मीठ चालते, कारण ती घासून लगेच खळखळून धुतली जातात. बंपरच्या सांध्यांत ते अडकून राहते. राख, रांगोळी आणि भांडी घासण्याची पावडर यांचे खर गाडीवर नकोच.

तारेची साधी घासणी क्रोमवर ओरखडे पाडतेच. परंतु स्टेनलेस स्टीलवर तिचा अपराध अधिक मोठा आहे. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी विकसित केलेल्या या मिश्रधातूत क्रोमियम पृष्ठभागावर नसून सर्व धातूभर मिसळलेले असते, किमान साडेदहा टक्के. त्यामुळे ओरखडा पडला तरी त्याचे संरक्षक कवच पुन्हा आपोआप तयार होते. घासणीने मात्र साध्या लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तेच कण गंजून, स्टेनलेसला गंज लागला, असा भास निर्माण करतात. स्टेनलेसच्या पट्टीला मऊ कापड, सौम्य साबण आणि डाग असल्यास खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट पुरेशी होते.

ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या बाबतीत तर उत्साह आवरलेलाच बरा. त्यांवर कारखान्यातच ऑक्साइडचा पारदर्शक थर चढवलेला असतो. आम्ल आणि धुण्याचा सोडा, दोन्हींचे त्याला वावडे आहे. व्हिनेगरचा ओघळ तेथे गेला, तर पांढरट डाग पडतो आणि तो डाग म्हणजे थर गेल्याची खूण असल्याने कोणत्याही पॉलिशने परत येत नाही. या पट्ट्यांना शाम्पूचे पाणी आणि मऊ फडके, बस्स. प्लास्टिकवरच्या मुलाम्याचेही तसेच. खाली लोखंडच नसल्याने तेथील तांबडेपणा बाहेरून आलेला असतो. तो शाम्पूने, फार तर मेणयुक्त पॉलिशने जातो. मुलाम्याचा पापुद्राच उचलला असेल, तर तो भाग बदलणे हाच मार्ग आहे.

बुलेट व तत्सम दुचाकींच्या सायलेन्सरवरही फॉइलचा उपाय चालतो. त्यावरील निळसर-सोनेरी झाक ही उष्णतेने आलेली असते; तिला गंज समजून घासत बसू नये.

मागची बाजू

इतके सारे करूनही पुढच्या पावसाळ्यात ठिपके परत येतात, आणि मालक म्हणतो की हे सारे व्यर्थ आहे. बहुतेक वेळा चूक एकच असते. बंपरची दर्शनी बाजू चमकवली जाते आणि मागच्या बाजूकडे कोणी पाहत नाही. मुलामा देताना आतल्या बाजूला धातू नेहमीच पातळ बसतो. तेथे पॉलिशही केलेले नसते. चाकांनी उडवलेला चिखल नेमका त्याच पोकळीत साठतो, स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि बंपर आतून खात राहतो. जुन्या गाड्यांचे बंपर सडतात ते बहुधा मागून पुढे. म्हणून गाडी धुताना पाण्याची नळी आतल्या बाजूस फिरवून चिखल काढावा, ती बाजू पूर्ण वाळू द्यावी, तारेचा ब्रश मारायचा तर तेथेच मारावा आणि गंजरोधक रंग वा ग्रीसचा हात द्यावा. तेथे सौंदर्याची अपेक्षा नसल्याने हात सढळ असला तरी चालते.

दर्शनी बाजूस शेवटचे धुणे शक्य तर बॅटरीत घालण्याच्या शुद्ध पाण्याने करावे, म्हणजे पाण्याचे डाग उरत नाहीत. मग कोरड्या फडक्याने पुसून तासभर उन्हात ठेवावे. छिद्रातले पाणी गेल्याखेरीज वर मेण लावणे म्हणजे ओल आत कोंडणे होय. त्यानंतर गाडीचे मेण पातळसर लावून पुसावे व काही वेळाने दुसरा हात द्यावा. उघडी छिद्रे बुजवण्याचे काम आता या मेणाकडे असते, आणि ते झिजत असल्याने पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा ते लावावे लागते. समुद्राकाठी त्याहून अधिक वेळा. हवा न खेळणारे प्लास्टिकचे आच्छादन ओल्या गाडीवर घालू नये. पूजेचा हारही दुसऱ्या दिवशी उतरवावा. जाळीत अडकून कुजणारी झेंडूची फुले आणि ओला दोरा धातूला आठवडाभर ओल पुरवीत राहतात.

मुलामा सुटून पोलाद उघडे पडले असेल, तर घरगुती उपाय संपले असे समजावे. मग नव्याने मुलामा देणे किंवा बंपर बदलणे, एवढेच उरते. चालू वापराच्या गाडीस बदलणे बहुधा सोयीचे पडते. पण कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, किंवा उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, जिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, अशी गाडी कोणी जपून ठेवली असेल, तर गोष्ट वेगळी आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली आणि आता त्या गाडीचा मूळ बंपर हा सुटा भाग राहिला नसून वारसा झाला आहे. अशा बंपरवर नव्याने मुलामा देण्याचा खर्च करणे योग्यच.

ते काम करणारा कारखाना पारखून घ्यावा. मुलाम्याच्या जुन्या पद्धतीत वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे; त्याचे सांडपाणी व वाफा कामगारांच्या आणि वस्तीच्या जिवावर बेततात. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. जुना मुलामा पूर्ण उतरवून, खड्डे घासून, मग तांबे, निकेल व क्रोम असा क्रम पाळला जाणार आहे का, हेही विचारावे. जुन्या थरावरच नवा चढवून देणारे स्वस्तात काम करतात आणि वर्षभरात ते उघडे पडते. पोचे काढून झाल्यावर, मुलामा देण्याआधी बंपर एकदा गाडीला लावून पाहण्याचा आग्रह धरावा. नंतर तो बसवताना वाकवावा लागला, तर नव्या क्रोमला तडे जातात. आणि अखेरीस बंपर कसताना प्रत्येक बोल्टखाली नायलॉनची चकती घालावी, कारण पुढचा पहिला ठिपका बहुधा तेथूनच सुरू होतो.